व्हॅन हेलनचा आवाज आणि कॉलेजातला डिमरस्टॅट

एडी व्हॅन हेलनला जाऊन (६ ऑक्टोबर २०२०) काही वर्षं झाली, पण त्याच्या गिटारच्या आवाजामागे लागलेल्या मंडळींची धावपळ काही थांबलेली नाही. कोणी जुना मार्शल अ‍ॅम्प शोधतोय, कोणी ठराविक काळातल्या व्हॉल्व्हसाठी वाट्टेल ती किंमत मोजतोय, तर कोणी सर्किटमधल्या एका कपॅसिटरच्या किमतीवरून रात्र रात्र वाद घालतोय. सगळ्यांना हवाय तो १९७८ सालचा आवाज. तोच, ज्याला गिटारवाले 'ब्राऊन साऊंड' म्हणतात.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मायकल जॅक्सनचं 'बीट इट' ऐकलंय ना? त्यातला तो अंगावर येणारा गिटार सोलो एडीचा. जन्म १९५५, अ‍ॅमस्टरडॅम. १९६२ मध्ये घरचे सगळे कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला आले. भाऊ अ‍ॅलेक्स ड्रम्सवर, एडी गिटारवर. १० फेब्रुवारी १९७८ ला त्यांच्या बँडचा पहिला अल्बम आला, नाव 'व्हॅन हेलन'च. त्यात 'इरप्शन' नावाचा १ मिनिट ४२ सेकंदांचा एक तुकडा आहे. तो ऐकून जगभरातल्या गिटारिस्टांची झोप उडाली. वाजवण्याचा वेग तर होताच, पण त्याहून जास्त चर्चा झाली ती आवाजाची. भरपूर डिस्टॉर्शन, तरीही प्रत्येक सूर सुटा. कडक, पण कानाला टोचत नाही. (गंमत म्हणजे 'ब्राऊन' हा शब्द एडी मुळात अ‍ॅलेक्सच्या स्नेअर ड्रमच्या आवाजासाठी वापरायचा. तो गिटारला नंतर चिकटला.)

आता माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे भांडायला सोपं. हा आवाज परत मिळवू पाहणारे बहुतेक लोक पार्ट्सची यादी कॉपी करतात. ज्या अडचणीतून तो आवाज निघाला, ती अडचण कोणी बघतच नाही. ती नीट बघितली तर टू बीएचके फ्लॅटमध्ये हेडफोन लावून लॅपटॉपवर वाजवणारा माणूस हा खऱ्या मार्शलवाल्यापेक्षा कमी 'अस्सल' आहे, हे काही मला पटत नाही. उलट मूळ माणसाच्या जास्त जवळ तोच आहे असं मी म्हणेन.

का, ते सांगायला थोडं अ‍ॅम्पच्या आत शिरावं लागेल. घाबरू नका, गणित आठवीपर्यंतचं आहे. (बरं, एक लॉगॅरिदम आहे. तो मी करतो.)

व्हॉल्व्हचे जुने रेडिओ आठवा. पाहिले नसतील तर आजोबांकडून ऐकलं तरी असेल. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही, आतले नारिंगी दिवे तापेपर्यंत थांबायचं. ट्यूब अ‍ॅम्प ही त्याच जातीची वस्तू. काचेच्या निर्वात नळीत एक फिलामेंट कॅथोडला तापवतं, कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि शेकडो व्होल्टवर असलेल्या प्लेटकडे धावतात. मध्ये एक जाळी असते, ग्रिड. गिटारचा इवलासा सिग्नल या ग्रिडवर दिला की तो नळाच्या तोटीसारखा तो मोठा प्रवाह कमीजास्त करतो. म्हणून ब्रिटिशांनी त्याला व्हॉल्व्ह, म्हणजे झडप म्हटलं. लहान सिग्नल आत, त्याचीच मोठी प्रत बाहेर.

पण तोटी पूर्ण उघडली की त्याहून जास्त पाणी येऊ शकत नाही, आणि पूर्ण बंद केली की त्याहून कमी येऊ शकत नाही. सिग्नल त्या मर्यादांपलीकडे गेला की लाटेचे वरचे-खालचे शेंडे छाटले जातात. छाटले की मूळ सुरात नसलेले वरचे हार्मोनिक्स तयार होतात. हेच डिस्टॉर्शन. गाणी ऐकायच्या हाय-फाय अ‍ॅम्पमध्ये हा दोष, आणि रॉक गिटारमध्ये सगळी मजा याचीच. चांगला ट्यूब अ‍ॅम्प हे शेंडे एकदम कात्रीने कापल्यासारखे कापत नाही, हळूहळू दाबत नेतो. हळू वाजवलं तर स्वच्छ, जोरात वाजवलं तर करकरीत, आणि मधल्या सगळ्या छटा बोटांच्या ताब्यात.

एडीचा मुख्य अ‍ॅम्प होता मार्शलचा '१९५९ सुपर लीड'. १९५९ हा मॉडेल नंबर आहे, साल नव्हे. हा अ‍ॅम्प आला १९६०च्या दशकाच्या मध्यावर. ताकद १०० वॉट, शेवटच्या टप्प्यात चार ईएल३४ व्हॉल्व्ह. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला मास्टर व्हॉल्यूम नाही. आजच्या अ‍ॅम्पमध्ये डिस्टॉर्शन किती आणि आवाज किती हे दोन वेगळ्या बटणांवर ठरवता येतं. सुपर लीडमध्ये ती सोय नाही. शेवटचे व्हॉल्व्ह घाईला यावेत असं वाटत असेल तर बटण उजवीकडे टोकाला न्यायचं, बस्स. एडीने सगळीच बटणं टोकाला नेली होती.

आता ही अडचण आकड्यांत बघा. गिटारच्या १२ इंची स्पीकरला १ वॉट दिला तर १ मीटरवर साधारण ९७ डेसिबल आवाज येतो. १०० वॉट म्हणजे त्यावर अजून २० डेसिबल, म्हणजे ११७. हा झाला एक स्पीकर. मार्शलच्या पेटीत असे चार. हा आवाज कानाचं कायमचं नुकसान करू शकतो. छोट्या क्लबमध्ये रोज रात्री वाजवणाऱ्या पोराने हे करायचं म्हणजे मालक पहिल्याच गाण्याला प्लग उपटणार. आवाज कमी केला तर टोन मेला, टोन ठेवला तर नोकरी गेली. एडीचा सगळा उद्योग या पेचातून सुरू होतो.

त्यानेच पुढे मुलाखतींमध्ये सांगितलेली गोष्ट अशी: त्याच्याकडे इंग्लंडहून आलेला एक मार्शल आला. तो तिकडच्या २२० व्होल्टवर चालणारा, आणि अमेरिकेतल्या घरात येतात त्याच्या निम्मे व्होल्ट. अ‍ॅम्प लावला, बराच वेळ काहीच नाही. मग वाजवून बघितलं तर आवाज अगदी बारीक, पण सगळी बटणं टोकाला नेल्यावर येतो तसाच भरलेला! डोक्यात ट्यूब पेटली (कोटी माफ करा). म्हणजे व्होल्टेज कमी केलं तर...? आधी त्याने घरातल्या दिव्याचा डिमर वापरून बघितला, आणि घराचा फ्यूज उडवला. मग मिळाला व्हेरिअ‍ॅक. गोल बटण फिरवून व्होल्टेज हवं तेवढं कमीजास्त करता येतं असा ट्रान्सफॉर्मर. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये ज्याला डिमरस्टॅट म्हणतात ना, तोच! व्हायव्हात ज्याने आपली दांडी उडवली तो काळा डबा हा रॉकच्या इतिहासातला एक हिरो आहे, हे कोणी सरांनी सांगितलं असतं तर प्रॅक्टिकलला हजेरी वाढली असती.

एडी तो साधारण ९० व्होल्टवर ठेवायचा. पण सुरुवातीच्या काळात मुलाखतींमध्ये त्याने बरोब्बर उलटं सांगितलं: मी व्होल्टेज वाढवून १४०पर्यंत नेतो. आपलं गुपित कोणी पळवू नये म्हणून सोडलेली थाप, असंच बहुतेक जण मानतात. १२० ऐवजी १४० दिले तर ६.३ व्होल्टचं फिलामेंट ७.३५ वर जातं, प्लेटचं व्होल्टेजही सहावा हिस्सा वाढतं, आणि आधीच टोकाला चालवलेले व्हॉल्व्ह, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर सगळे राम म्हणायला तयार. ते वाचून अ‍ॅम्प जाळून घेतलेल्यांचे किस्से गिटारवाल्यांमध्ये अजून चघळले जातात. चुकीच्या डॉक्युमेंटेशनवर विश्वास ठेवून प्रॉडक्शनमध्ये हात घालू नये, एवढा धडा आपल्या धंद्यातल्या लोकांनी घ्यावा :-)

तर ९० व्होल्ट. हेच ते रहस्य, असं म्हणून लोक व्हेरिअ‍ॅक विकत घेतात. आता तो लॉगॅरिदम करूया. १२० चे ९० म्हणजे ०.७५. ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते असं ढोबळ मानू, म्हणजे ०.५६. १०० वॉटचा अ‍ॅम्प झाला ५६ वॉटचा. डेसिबलमध्ये हा फरक किती? अडीच. फक्त अडीच डेसिबल! कानाला आवाज 'निम्मा' वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणजे ११७ चे झाले साडेएकशे चौदा. क्लबचा मालक अजूनही प्लग उपटणारच.

मग व्हेरिअ‍ॅकने केलं काय? वेगळं काहीतरी केलं. प्लेटचं व्होल्टेज कमी झाल्यामुळे शेंडे छाटायची मर्यादा खाली आली, अ‍ॅम्प लवकर दबायला लागला. बायस व्होल्टेजही त्याच प्रमाणात खाली आलं. फिलामेंट ६.३ ऐवजी ४.७ व्होल्टवर, म्हणजे कॅथोड नेहमीपेक्षा थंड. जोरात तार छेडली की पॉवर सप्लाय किंचित खचतो आणि मग सावरतो. त्यामुळे सुराच्या सुरुवातीचा ठोका मऊ होतो आणि मागचा भाग फुगून येतो. याला 'सॅग' म्हणतात. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज डाऊन असताना शेजारच्याने मोटर चालू केली की दिवे क्षणभर मंद व्हायचे, तसंच काहीसं, फक्त प्रत्येक सुराला. आपण तो त्रास नको म्हणून फ्रिजला स्टॅबिलायझर लावतो, आणि एडीने मुद्दाम मागून घेतला.

म्हणजे व्हेरिअ‍ॅक हा आवाज कमी करायचा उपाय म्हणून आला आणि बोटांना मिळणाऱ्या प्रतिसादासाठी राहिला. खरा. पण एकटा नाही.

(आणि कोणी आपल्याकडे हा प्रयोग करणार असेल तर: २३० व्होल्टवर चालणाऱ्या अ‍ॅम्पसाठी ९० हा आकडा धरायचा नाही, गुणोत्तर धरायचं. २३० चे पाऊणपट, १७२. शिवाय डिमरस्टॅट हा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, मेन्सपासून आयसोलेशन देत नाही. आणि अ‍ॅम्प उघडायच्या भानगडीत पडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट बसून राहू शकतात. गिटार शिकायला दोन्ही हात लागतात.)

आता बाकीची साखळी बघू. गिटार त्याने स्वतः जोडलेली: ५० डॉलरची बॉडी, ८० डॉलरची मान, आणि एका गिब्सन गिटारमधून काढलेला हंबकर पिकअप. तो शिट्टी वाजवायला लागू नये म्हणून वितळलेल्या मेणात बुडवलेला. टोनचं बटणच नाही, एकच व्हॉल्यूम. म्हणजे पिकअपचा सिग्नल वाटेत कमीत कमी गळणार. पुढे एमएक्सआरचा फेज ९० पेडल आणि एकोप्लेक्स हे टेपवर चालणारं एको यंत्र. मग मार्शल. मग स्पीकर, जो पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं गाळून टाकतो. हा गाळणारा स्पीकर नसेल तर डिस्टॉर्शन मधमाश्यांच्या पोळ्यासारखं ऐकू येतं. अ‍ॅम्पची लाइन थेट कॉम्प्युटरला जोडून बघा, कळेल. एवढा महत्त्वाचा भाग असून अ‍ॅम्पवर लाखो घालवणारी मंडळी स्पीकरचा विचार सगळ्यात शेवटी करतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

आणि मग स्टुडिओ. हा अल्बम १९७७ मध्ये हॉलिवूडच्या सनसेट साऊंडमध्ये रेकॉर्ड झाला. निर्माता टेड टेम्पलमन, इंजिनिअर डॉन लँडी. हेडफोन लावून तो अल्बम ऐका: गिटार डावीकडे आहे आणि तिचा घुमारा उजवीकडे. सनसेट साऊंडची एको चेंबर प्रसिद्ध आहे. खरीखुरी खोली, जिच्यात आवाज सोडून तो घुमून आलेला परत टिपतात. म्हणजे आपल्या डोक्यात जो 'एडीचा टोन' बसलाय त्यातला अर्धा भाग अ‍ॅम्पमधून आलेलाच नाही! डाव्या कानात सुकी गिटार, उजव्या कानात ओली खोली, मध्ये बेस आणि ड्रम्स. घरी एका स्पीकरसमोर बसून तोच टोन काढायला निघालेला माणूस एका रेकॉर्डची नक्कल करतोय, आणि ती करायला त्याच्याकडे फक्त अ‍ॅम्प आहे.

यावर अजून एक कडी. कान वेगवेगळ्या पातळीला वेगवेगळं ऐकतो. १९३३ मध्ये बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी याचे आलेख काढले. हळू आवाजात खर्जाचे सूर कानाला खूपच कमी ऐकू येतात. म्हणजे अगदी तीच लाट, बिट न् बिट तशीच, घरच्या आवाजात ऐकली तर ती 'तीच' वाटणार नाही. इथे नवा व्हॉल्व्ह काय करणार?

एवढं सगळं झाल्यावर दुसरा पक्ष बाह्या सरसावून पुढे येतो: "अरे, टोन बोटांत असतो!" त्यांचा आवडता दाखला म्हणजे टेड न्यूजंटचा किस्सा. न्यूजंटला एकदा एडीच्याच अ‍ॅम्प आणि गिटारवर वाजवायची संधी मिळाली. वाजवलं, तर आवाज आला टेड न्यूजंटसारखा. किस्सा झकास आहे आणि न्यूजंट स्वतः तो सांगतो. पण 'बोटांत असतो' म्हणून विषय संपवणं हे मला आळशीपणाचं वाटतं. बोटांत म्हणजे नक्की कुठे?

ते सांगता येतं. अ‍ॅम्प दबण्याच्या उंबरठ्यावर ठेवला असेल तर पिक किती जोरात लागला, ब्रिजपासून किती अंतरावर लागला, तळहाताने तार किती दाबली, डावा हात सुराला किती हलवतो, या प्रत्येक गोष्टीने छाटणं बदलतं. एडी गिटारचं व्हॉल्यूम बटण वाजवता वाजवता फिरवायचा. उजव्या हाताच्या बोटाने तारेवर थेट ठोकायचा (टॅपिंग), तेव्हा पिकचा टणत्कारच नसतो, सूर गोल येतो. म्हणजे 'बोटं की अ‍ॅम्प' हा वादच चुकीचा. अ‍ॅम्प अशा जागी उभा केला होता की बोटांचं सगळं ऐकू यावं. ज्या अ‍ॅम्पमध्ये पहिल्याच टप्प्यात सगळं छाटून सपाट होतं, त्यात एडीची बोटं घातली तरी त्यातलं बरंचसं हरवेल. तबल्याची शाई बिघडलेली असेल तर उस्तादाची बोटंही बोटंच राहतात.

मग आता आमच्यासारख्यांनी, म्हणजे पातळ भिंतीच्या सोसायटीत राहणाऱ्यांनी, काय करायचं?

परत आकडे. घरात चालेल असा आवाज धरू ७० डेसिबल. १ वॉटला ९७ येतात, म्हणजे २७ डेसिबल खाली यायचं. म्हणजे पाचशे पटीने कमी, २ मिलिवॉट! 'घरगुती' म्हणून विकले जाणारे १ वॉटचे ट्यूब अ‍ॅम्पसुद्धा टोकाला नेले तर शेजारी बेल वाजवणार. फ्लॅटमध्ये खरा मार्शल टोकाला नेऊन वाजवणं हा पर्याय अस्तित्वातच नाही. बटण दोनवर ठेवून वाजवायचा असेल तर त्या अ‍ॅम्पची जी गंमत आहे ती कधी सुरूच होत नाही. कोपऱ्यात ठेवलेलं एक महागडं, सुंदर फर्निचर.

म्हणून सॉफ्टवेअर. हा प्रवास तसा जुना. लाइन सिक्सचा लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचा पॉड १९९८ मध्ये आला. आज 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर'सारखं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खऱ्या अ‍ॅम्पमधून तीनेक मिनिटांचा ठरलेला सिग्नल सोडायचा, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं हे न्यूरल नेटवर्कला शिकवायचं. सर्किट कसं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पूर्ण ब्लॅक बॉक्स. स्पीकर आणि माइकसाठी वेगळी 'इम्पल्स रिस्पॉन्स' फाइल. निकाल इतका जवळ येतो की रेकॉर्डिंगमध्ये फरक ओळखणं भल्याभल्यांना जड जातं.

शुद्धतावादी म्हणतात, ही नक्कल आहे. बरोबर, आहेच. आणि तिच्या मर्यादाही आहेत. असं मॉडेल सहसा बटणांच्या एकाच स्थितीचा फोटो असतो, बटण फिरवलं की काय होईल हे त्याला माहीत नाही. नेटवर्क मागचा थोडाच काळ लक्षात ठेवतं, त्यामुळे संथ गतीने खचणारा पॉवर सप्लाय त्याला पकडायला अवघड जातो. आणि हेडफोनमध्ये एक गोष्ट कधीच मिळत नाही. स्पीकरने हलवलेली हवा गिटारच्या तारेला परत हलवते, सूर आपोआप धरून ठेवते, तो फीडबॅक. त्यासाठी हवा हलवावीच लागते. ज्याला ते अनुभवायचंय त्याने महिन्यातून एकदा जॅमरूम भाड्याने घ्यावी (कानात बोळे घालून). ते ज्याला हवंय त्याच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते 'व्हॉल्व्ह नाही तर अस्सल नाही' या सोवळ्याशी. कारण हे सोवळं खुद्द एडीने पाळलं नाही. अडचण आली की हातात जे सापडेल ते वापर, बिघडलं तर दुसरं बघ, कानाला पटलं की पुढे चल, अशी त्याची पद्धत होती. एका सुराच्या मागे लागून त्याने आयुष्य काढलं नाही. १९९२ मध्ये पीव्ही कंपनीबरोबर त्याने '५१५०' नावाचा अ‍ॅम्प आणला. त्यात मास्टर व्हॉल्यूम आहे, डिस्टॉर्शन मुख्यतः प्रीअ‍ॅम्पमध्येच तयार होतं, व्हेरिअ‍ॅकची गरजच नाही. पुढे त्याने स्वतःच्या ब्रँडखाली त्याची पुढची पिढी काढली. म्हणजे आपण १९७८ मध्ये अडकून बसलोय, तो केव्हाच पुढे गेला होता.

याउलट २००७ चं उदाहरण बघा. त्याच्या त्या १३० डॉलरच्या जोडगिटारची हुबेहूब प्रतिकृती निघाली. संख्या फक्त ३००, किंमत २५,००० डॉलर. मूळ गिटारवर जिथे सिगारेटने जळलंय तिथे जळलेलं. मूळ गिटारच्या ब्रिजखाली त्याने टेकू म्हणून १९७१ सालचं पंचवीस सेंटचं नाणं ठोकलं होतं, तर प्रतिकृतीतही १९७१ चंच नाणं! संग्रहाची वस्तू म्हणून ठीकच, हौसेला मोल नाही. पण जरा विचार करा. ते नाणं तिथे का होतं? ब्रिज खाली टेकायला काहीतरी पातळ आणि टणक हवं होतं आणि खिशात नाणं होतं. त्याच सालचं नाणं शोधत बसणाऱ्याला ती गिटार कितपत कळली?

हाच प्रश्न मला सगळ्या टोन-शोधाबद्दल पडतो. ९० व्होल्ट हे त्याच्या अडचणीचं उत्तर होतं. त्याचा क्लब, त्याचा अ‍ॅम्प, त्याचे कान. आपली अडचण वेगळी आहे: भिंती पातळ, वेळ शनिवार-रविवारचा, बजेट ईएमआय गेल्यावर उरेल तेवढं. त्या अडचणीवर लॅपटॉप, एक स्वस्त ऑडिओ इंटरफेस आणि बरे हेडफोन हे उत्तर असेल तर ते कमीपणाचं का? माझ्या मते हाच आपला डिमरस्टॅट.

तरीही तो आवाज काढायचाच असेल (मलाही काढायचा असतोच, नाही कोण म्हणतंय) तर पैसे आणि वेळ कुठल्या क्रमाने घालवावा याबद्दल माझं मत: आधी नवीन तारा आणि नीट सेटअप केलेली गिटार. मग स्पीकरची, म्हणजे आपल्या बाबतीत इम्पल्स रिस्पॉन्सची निवड. दहा फाइल्स बदलून बघा, अ‍ॅम्प बदलल्याइतका फरक पडतो. मग गेन कमी करा, वाटतो त्याहून कमी. रेकॉर्डवर जेवढं डिस्टॉर्शन आहे असं आपल्याला आठवतं त्यापेक्षा प्रत्यक्षात कमी असतं. मग गिटार डावीकडे आणि रिव्हर्ब उजवीकडे सरकवा. या एका गोष्टीने जेवढं 'अरे, हेच ते!' होतं तेवढं कुठल्याच व्हॉल्व्हने होणार नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. डीबगिंगचा हा नियम गिटारलाही लागू आहे.

या सगळ्यानंतर मेट्रोनोम लावून उजव्या हाताचा रियाज. त्याला शॉर्टकट नाही, आणि त्याची प्रतिकृतीही कोणी विकत नाही. शेवटी आवाज तुमच्यासारखाच येणार. न्यूजंटला खुद्द एडीची गिटार हातात घेऊन जे टाळता आलं नाही, ते आपल्याला काय टळणार! पण उंबरठ्यावर ठेवलेल्या अ‍ॅम्पमध्ये आपला हात खरा कसा आहे हे पहिल्यांदा ऐकू येतं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या खटाटोपातलं खरं कमावलेलं तेच.

असो, लेख लांबला. एक राहिलं: त्या अल्बमवर गिटार अर्ध्या सुराने उतरवलेली आहे. सुरुवात तिथूनच करा. त्याला एक पैसा लागत नाही.